बिनऔषधाची मेथी

कुंभारीच्या एका वाफ्यात उभी राहून मी न धुतलेली मेथी खाल्ली आणि त्याचं खापर सोलापूरच्या मंडईतल्या एका भल्या बाईवर फोडलं. नातवंडं मला शहाणी समजतात, समजू देत. सत्तरच्या दशकातली, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली मी त्यांनी पाहिलेली नाही.

पुण्याहून गाडीनं सोलापूरला उतरले. नणंदेकडे, आक्कांकडे, कुंभारीला जायचं होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मंडईत वांगी घेतली. जांभळी, चकचकीत, एकालाही भोक नाही. विकणारी गंगूबाई आपल्याच मळ्यातला माल आणायची. तिनं आपणहून सांगितलं, "औषध मारून पंधरा दिस झालं. तरी दोन पाण्यानं धुवा, बाई."

फवारणीच्या औषधांवर मी मासिकातला एक लेख वाचला होता. त्यामुळे अर्धी डॉक्टर झाले होते. पण वांगी काही सोडवेनात.

एसटीनं कुंभारीला पोचले. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यात कमरेएवढी ज्वारी. आक्कांच्या विहिरीजवळ मेथीचा हिरवागार वाफा.

"हिच्यावर औषध?"

"घरच्या भाजीला कसलं औषध? नुसतं शेण."

मी मूठभर खुडून तोंडात कोंबली.

"थांबा की वैनी, धुवून आणते!"

"विषच नाही, तर धुवायचं काय?" इति अर्धी डॉक्टर.

संध्याकाळी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि त्याच वांग्यांचं भरलं कोरड्यास (कालवण). घरातली सहाही माणसं बोटं चाटत होती. मी तर तीन वांगी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी परसाकडची वाट मी एकटीनं गुळगुळीत केली. तिसऱ्या दिवशी सोलापुरात डॉक्टरांकडे निघाले, ती वाकडी वाट करून आधी मंडईत. भर गर्दीत ओरडले, "हिची वांगी घेऊ नका! मला विषबाधा झालीय!" तीन गिऱ्हाइकांनी निवडलेली वांगी परत टोपलीत टाकली. "बाई, ऐका तरी," गंगूबाई म्हणत राहिली. मी कशाला ऐकते!

घरी येऊन पराक्रम सांगितला. आक्का भाकरी थापायच्या थांबल्या.

"वैनी, वांगी समद्यांनी खाल्ली. पोट तुमचं एकटीचंच कसं बिघडलं?"

मग त्यांनीच उलगडा केला.

"त्या वाफ्यात ओलं शेण टाकून चारच दिस झालं हुतं. म्हणून तर धुवून आणते म्हणलं."

पुढचे दोन दिवस ताक-भात, आक्कांच्या कोपरखळ्या आणि लिंबाखालची झोप. मजेत गेले, खोटं कशाला बोलू? एकच गोष्ट टोचत होती.

परतीच्या दिवशी स्टेशनाआधी मंडई गाठली. दुपार झाली होती. शेजारणींच्या टोपल्या रिकाम्या, गंगूबाईची काठोकाठ भरलेली. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि हळूच म्हटलं, "चूक माझी होती. तुमच्या वांग्यांनी काही झालं नव्हतं."

तिनं वांग्यांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "आज आवाज बसला व्हय, बाई? त्या दिशी तर लई मोठ्यानं वरडला. तसंच वरडा की! गिऱ्हाइकं तिकडं हुबी हायती, माज्या कानात सांगून काय उपेग?"