आईचा वस्तरा, पप्पांची तुरटी

सलूनमधले किस्से केसांसारखे असतात. संध्याकाळी कितीही झाडा, सकाळी कोपऱ्यात थोडे सापडतातच! आमचं सलून कळंबला. मी फारशी बोलत नाही, बाकावर बसून बघत असते.

पप्पांचा उजवा हात थरथरायला लागला आणि शटर खाली आलं. गाळ्याच्या मालकानं भाड्यासाठी दोन महिने थांबायचं कबूल केलं. आई म्हणाली, “मला शिकवा वस्तरा.” पप्पा हसले नाहीत, हेच खूप!

*

सुरुवात फुग्यांवर. फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं अलगद उतरवायचा. ब्लेड जरा उभं झालं की फट्! पहिल्या दिवशी सात फुटले. पप्पा चष्म्यावरचा फेस पुसत म्हणाले, “सात पावणं गेलं. चहा ठेव!”

*

मग घाटघरचा मामा खुर्चीत बसला. “लहानपणी लई मारलंस ताई, आता काय राह्यलंय?”

वस्तरा गळ्याशी आला तसा मामाचा कंठ वर-खाली व्हायला लागला. मी बाक घट्ट धरून बसले. शेवटी पप्पांनी तुरटी फिरवली. कुठं कापलं असेल तर ती झोंबते.

“एक नंबर झाली, ताई!” मामा ओरडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

पप्पा म्हणाले, “गिऱ्हाईक खोटं बोलतं, तुरटी न्हाई. फुगं आण परत!”

*

शेजारचे किराणावाले शेठ अर्ध्या शटरखालून वाकून आत आले. शेठ म्हणजे अखंड बोलणं. अर्धी दाढी झाली आणि त्यांचा फोन वाजला. हात खिशाकडे गेला.

“हलू नका!” आई ओरडली. आईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

फोन तीनदा वाजून थांबला. शेठ पुतळ्यासारखे बसले होते. तुरटी फिरली. काहीच नाही!

“मला गप्प केलंत वहिनी,” शेठ म्हणाले, “आता कुणाचाही गळा तुम्हाला सोपाच!”

*

मुदतीचा शेवटचा दिवस. मालक दुपारी येणार होता. सकाळीच पप्पा खुर्चीत बसले. दोन महिन्यांची दाढी.

“तुरटी झोंबली तर गाळा सोडायचा.”

आईनं आधी कात्रीनं दाढी कमी केली. मग फेस. गाल झाले. हनुवटी झाली. गळ्याशी पोचल्यावर पहिल्यांदाच आईचा हात थांबला. पप्पांनी मान आणखी वर केली.

वस्तरा खाली ठेवून आईनं तुरटी फिरवली. पप्पांचे पाय फूटरेस्टवर आखडले. मला ते दिसलं.

“झोंबली?” आईनं विचारलं.

पप्पांनी टॉवेल गळ्याशी दाबून धरला. “न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बघत काय बसलीस? शटर वर घे!”

त्या दिवशी गळ्याशी धरलेला तो टॉवेल पप्पांनी स्वतः धुतला. डाव्या हातानं.