माझ्या वजनाइतका गूळ

पन्नाशी जवळ आली की बाईच्या वजनावर बोलायचा परवाना सगळ्या गावाला मिळतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. ज्यांना माझं लग्न कुठल्या साली झालं ते आठवत नाही, त्यांनाही मी लग्नात किती बारीक होते ते बरोबर आठवतं. खानावळीत जेवायला आलेला पर्यटक, मी वाढलेला चौथा वडा हाणत मला सांगतो, "काकी, तुम्ही सकाळी चालायला जात जा." मेल्या, मी पहाटेपासून चालतेच आहे, चुलीकडून विहिरीकडे आणि विहिरीकडून चुलीकडे. तुझं ताट काय आपोआप भरलं?

आमची मालवणात घरगुती खानावळ आहे. मी रांधते, नवरा बाजार आणि गल्ला बघतो. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांना जेवू घालून, उरलंसुरलं दुपारी उशिरा उभ्या उभ्या तोंडात कोंबून मी त्र्याऐंशी किलोंवर पोचले. श्रावणात गुडघे कुरकुरायला लागले आणि रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "महिन्याला दोन किलो. त्याहून जास्त नको. इतक्या वर्षांत चढलंय ते एका झटक्यात उतरवायला गेलात तर तुम्हीच आडव्या व्हाल." माझा वाढदिवस मार्गशीर्षात. मधे चार महिने, म्हणजे आठ किलो. मी म्हटलं, जमेल. त्या वर्षात माझ्या वजनाबद्दल कुणी शहाण्यासारखं बोललं असेल तर ती बाई. बाकी सगळा आनंद होता.

पण तो वाढदिवस केक कापायचा नव्हता. त्या दिवशी माझी तुला व्हायची होती. मी जन्मले सातव्या महिन्यात, मिठबावला, आमच्या घरी. सुईण म्हणाली, पोर रात्र काढायचं नाही. तेव्हा आई गावच्या देवीला बोलली की हे चेडू जगूदे, भरल्या अंगाचं होऊदे, मग त्याच्या वजनाइतका गूळ तुझ्या पायाशी घालीन, आणि तो घालीपर्यंत मी गुळाला तोंड लावणार नाही. मी जगले. आईने गूळ सोडला तो सोडलाच.

आता पुढचं ऐका. मी सोळा वर्षांची झाले तेव्हा बाबा म्हणाले, आधी घराची कौलं बदलू, मग बघू. मग माझं लग्न निघालं, तेव्हा म्हणाले लग्नानंतर. लग्न झाल्यावर म्हणाले, आता ती दुसऱ्यांची, त्यांना विचारायला हवं. सासूबाई म्हणाल्या, एखादं मूल होऊदे. मग भावाची मुंबईची नोकरी, मग भावाचं लग्न, मग भावाचं ठाण्याचं घर. मग बाबाच गेले. नवस तिचा, तोंड तिचं, आणि तारीख मात्र कायम दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीची. आई दर वेळी "बरा" म्हणायची. दर चवथीला मोदकांचं सारण तीच करायची. गूळ-खोबरं शिजलं की ती नुसता वास घ्यायची आणि चमचाभर माझ्या तोंडात घालून विचारायची, पुरे का अजून घालू. लहानपणी मला वाटायचं, ही माझ्यावरची माया. ते चाखणं तिच्या वाटणीचं होतं, हे कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली.

बाबा गेल्यावर भावाचा फ्लॅट लहान पडला, म्हणून आई माझ्याकडे आली. ऐंशी ओलांडून गेली आहे. हल्ली दोन पावलं चालली की भिंतीला हात लावते. त्या वर्षी पहिल्यांदा तिने स्वतः तारीख काढली. "तुका पन्नास वर्सां पुरी होतली, त्याच दिसाक. त्याच्या फुडे माजो काय भरवसो नाय." एवढं साधं होतं. म्हातारीचा नवस तिच्या डोळ्यांदेखत फिटायला हवा होता, आणि तिच्या तोंडात गूळ पडायला हवा होता.

महिन्याला दोन किलोचं मी तिला सांगितलं मात्र, तिचा पारा चढला. "देवीक मी भरल्या अंगाचो गूळ बोललंय. आता तू अंग चोरून पारड्यात बसतलंस? ती काय आंधळी आसा?" मी म्हटलं, आये, माका साखर झाली आसा. त्यावर म्हणाली, "मगे नवस फिटल्यावर हो बारीक." तिच्या हिशेबाने आधी तुला, मग पथ्य. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने पथ्य आजपासून. आईने बोलणंच टाकलं. नवरा म्हणाला, "तुमी दोगीय देवीकच इचारा आणि माका जेवूक वाढा." आणि म्हातारी खरंच मला घेऊन कौल लावायला मिठबावला गेली.

आमच्याकडे अडलेली गोष्ट देवीला विचारतात. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, जमिनीचा दावा, काहीही विचारतात. पण माझं पोट? भर देवळात, चारचौघांदेखत, गुरवाने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं की हे तुझं लेकरू तुलेआधी वजन उतरवू म्हणतंय, तुझी राजीखुशी असेल तर उजवी दे. मागे कुणीतरी फिसकन हसलं. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं, आणि संताप तर असा आला की गुरवाच्या हातातला तांब्या घेऊन हसणाऱ्याच्या डोक्यात घालावा. उजवी पाकळी पडली. आई म्हणाली, "वारो इलो. परत लाव." गुरवाने परत लावली. परत उजवीच पडली. येताना एसटीत म्हातारी तोंड फुगवून बसली. आचरा आल्यावर म्हणाली, "बरा. पण चारच किलो. आठ नको." मासळीबाजारात बांगड्यांच्या वाट्यासाठी करावी तशी ती माझ्या अंगासाठी घासाघीस करत होती.

चवथीला भाऊ आणि वहिनी ठाण्याहून आली. वहिनी मनाने वाईट नाही, पण तिला सगळं झटपट लागतं. दोन किलो ऐकून ती हसलीच. "ताई, महिन्याला दोन म्हणजे काहीच नाही हो. आमच्या सोसायटीतल्या एकीने तीन महिन्यांत पंधरा उतरवले." आणि बॅगेतून पावडरीचा डबा काढला. "तुलेचे फोटो सगळीकडे जाणार. नंतर बघून तुम्हालाच वाईट वाटेल." भाऊ मोदक खात होता. तो म्हणाला, "ऐक तिचं, तिला कळतं त्यातलं." सहावा मोदक होता तो त्याचा.

मला कुणी जमणार नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी रात्रीचं जेवण बंद केलं. सकाळी पावडर, दुपारी काकडी. आणि दिवसभर समोर काय, तर सुरमई तव्यावर, कोंबडीचा रस्सा रटरटतोय, वडे टम्म फुगतायत. उपाशी माणसाने दुसऱ्यासाठी रांधू नये. मीठ दोनदा पडलं, गिऱ्हाईक बोललं, मी नवऱ्यावर खेकसले, नवरा मांजरावर. पंधरवड्यात साडेचार किलो उतरले. वहिनीने फोनवर टाळ्या पाठवल्या. आणि एका दुपारी उकळत्या तेलाच्या कढईसमोर मला घेरी आली. नवरा मागे पाण्याची घागर घेऊन उभा होता, त्याने घागर टाकून मला धरलं, नाहीतर तेलातच जायची मी. डॉक्टरीणबाईंनी डबा उलटसुलट करून बघितला. "साखरेची गोळी चालू असताना उपास? जीव गेला असता तर फोटो कुणाचे काढले असते?" मग पुन्हा तेच. महिन्याला दोन. मासे खा, भाकरी खा, भात निम्मा करा, तळलेलं सोडा, आणि मुख्य म्हणजे ताटावर बसून वेळेवर जेवा.

बसून जेवणं मला या घरात कुणी कधी शिकवलंच नव्हतं. मी ठरवलं, खानावळ उघडायच्या आधी मी आणि आई समोरासमोर पाट मांडून जेवणार. नवरा म्हणाला, "गिऱ्हायकां दारात उभी रवतली." म्हटलं, रवूंदेत, माका वीस वर्सां उभी ठेवलीत ती? उतरलेले किलो निम्मे परत चढले, मग हळूहळू उतरू लागले, कधी पाव, कधी अर्धा, एखाद्या आठवड्यात काहीच नाही. वहिनी विचारायची, "किती झालं?" मी सांगायची, होतंय. आई माझ्या ताटाकडे टक लावून बघायची आणि मी भाकरी मोडली की मगच घास घ्यायची.

कार्तिकात भावाचा फोन आला. मुलांच्या परीक्षा आहेत, त्याला रजा मिळत नाही, तर तुलेचं सगळ्यांच्या सोयीने मे महिन्यात करू. "आणि तोपर्यंत तूही बरीच उतरशील ना. मस्त दिसशील." फोन स्पीकरवर होता. आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "बरा. मेयात करा."

त्या "बरा"ने माझं टाळकंच सरकलं. भावाचा राग आलाच, पण तो जुना होता. तिचा जास्त आला. पन्नास वर्षं हा एक शब्द बोलून हिने घरातल्या सगळ्यांना लाडावून ठेवलं होतं. मी भावाला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच. "ती कौलांक थांबली, माज्या लग्नाक थांबली, तुज्या लग्नाक थांबली, तुज्या घराक थांबली. आता माज्या पोटाक थांबाची? माजा पोट उतराक लागतलो तेवढो वेळ लागतलो. तिच्याकडे तेवढो वेळ नाय. तुका येवचा तर ये, नायतर थयसून हात जोड." आणि फोन ठेवून दिला. मग तिच्याकडे वळले. "आणि तू. परत बरा म्हटलंस तर बघ." ती तांदूळ निवडत राहिली. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "गूळ कोल्हापुरी आण. काळो नको."

ठरल्या दिवशी तुला झाली. भाऊ आला, वहिनीही आली. देवळाच्या मंडपात मोठा तराजू टांगला होता. मी हिरवं लुगडं नेसून एका पारड्यात मांडी घालून बसले, साखळ्या घट्ट धरून. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढायला लागल्या. आमच्याकडे तुलेचं वजन माइकवरून सांगतात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. वहिनी माइकवाल्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "आकडा नका हं सांगू, प्लीज." मी ऐकलं. आठ उतरवायचे होते, सहाच उतरले होते, आणि ते सहा मी भाकरी खाऊन, भात मोजून, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून उतरवले होते. मी म्हटलं, "सांगा. मोठ्यान सांगा." सत्त्याहत्तर किलो, असं माइकवर झालं. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मी पारड्यातून उतरून त्याच्याकडे गेले असते.

शेवटचा खडा आईने ठेवला होता. पारडी समान झाली ती त्याच खड्याने. मला खाली उतरवलं, गाऱ्हाणं झालं, आणि गुरवाने गुळाचा एक खडा प्रसाद म्हणून आईच्या हातावर ठेवला. वहिनीने फोन वर धरला. आईने खडा तोंडात घातला. दात नाहीत, म्हणून तो या गालातून त्या गालात बराच वेळ फिरत राहिला. मी तिच्यासमोर उकिडवी बसून बघत होते. पन्नास वर्षांत ते तोंड मी पहिल्यांदाच गूळ खाताना बघत होते. गिळून झाल्यावर ती म्हणाली, "माका वाटलेला, जास्ती गोड आसतलो."

माणसं हसली, म्हाताऱ्यांच्या बोलण्याला हसतात तशी. मला हसू आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि ओरडायला समोर कुणीच नव्हतं. बाबा नव्हते, सासूबाई नव्हत्या, आणि भाऊ होता तर तो खांबाला टेकून डोळे पुसत होता. तेवढ्यात आईने हात पुढे केला.

"आणिक दी," ती म्हणाली.