ओढ्यापलीकडची छपरं

ड्रोननं टिपलेलं अख्खं गाव मी माझ्या नकाशात आणलं आणि ते कुठं गेलं तेच कळेना.

बीडमधल्या एका सर्वेक्षणाच्या कार्यालयात मी नकाशे काढते. डिप्लोमा झाला, लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली आणि मी इथं रुजू झाले. आधी आमचे सर गावोगाव फिरून यंत्रानं बिंदू मोजून आणायचे आणि मी ते रेषांनी जोडायची. आता ड्रोन आलं. वरून काढलेले पुष्कळ फोटो एकमेकांना जोडून गावाचं एकच मोठं चित्र तयार होतं, आणि त्यातला प्रत्येक ठिपका जमिनीवर नेमका कुठं आहे याची माहिती चित्राबरोबरच येते. त्यामुळे ते सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की आपसूक आपल्या जागेवर बसायला पाहिजे.

गाव नेकनूरच्या पुढचं, डोंगराच्या कडेचं. तिथं नळाची नवी पाइपलाइन टाकायची होती. सरांनी यंत्रानं घेतलेले बिंदू माझ्या पडद्यावर होते: विहिरीचा कठडा, शाळेचा कोपरा, टाकीची जागा. त्यांच्याखाली हा फोटो अंथरायचा आणि त्यावरून घरं, गल्ल्या, रस्ते काढायचे, असं काम. फोटो आत घेतला. आत आला म्हणून संगणकानं सांगितलं. पडद्यावर मात्र तेच मोजके बिंदू, मागं काळोख.

नकाशात जे जे आहे ते सगळं एकदम दाखव म्हटलं, तेव्हा सगळे बिंदू एका कोपऱ्यात गोळा झाले. दुसऱ्या टोकाला, लांब, काहीतरी असावं असं वाटलं. तिकडं जवळ गेले, आणखी जवळ गेले, जातच राहिले. शेवटी सापडलं. विहीर, शाळा, देऊळ, रस्ते सगळं जिथल्या तिथं, पण गाव मोहरीएवढं.

मला एकटीलाच हसू फुटलं.

"काय झालं मॅडम?" सर पलीकडच्या टेबलावरून म्हणाले.

"गाव सापडलं सर. पार नकाशाच्या शून्यापाशी जाऊन पडलंय."

कारण साधंच होतं. फोटो अंशांत बोलत होता, अक्षांश आणि रेखांश. माझा नकाशा मीटरमध्ये. फोटोचा एक अंश, म्हणजे जमिनीवरचे शंभरेक किलोमीटर, नकाशानं एक मीटर समजून घेतला, मग गाव मोहरीएवढं होणार नाही तर काय? नकाशांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन मी फोटो मीटरच्या हिशोबात बदलून घेतला. त्याच्यासोबत एक छोटी फाइल तयार होते, तिच्यात चित्राचा कोपरा कुठं टेकवायचा ते लिहिलेलं असतं. ती मागं राहिली तर फोटो पुन्हा रस्ता चुकतो, म्हणून दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या आणि परत आत घेतलं.

या वेळी बिंदूंच्या खालून गाव उगवलं. विहिरीच्या कठड्यावर सरांनी घेतलेला बिंदू फोटोतल्या कठड्यावर टेकला होता. शाळेचा कोपरा शाळेच्या कोपऱ्यावर. सर हातातला चहाचा कप घेऊनच उठून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "वा, बसलं की!" मी इतकी वर्षं हे काम करते, पण फोटो आपल्या जागेवर बसतो तो क्षण मला अजून शिळा झालेला नाही.

पुढचे काही दिवस मी त्या गावाच्या छपरांवरून फिरत होते. वरून पत्रा चकाकतो, स्लॅब करडा दिसतो, धाब्याचं मातीचं छत आजूबाजूच्या जमिनीत मिसळून जातं. कुणाच्या गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. देवळासमोर कुणीतरी ट्रॅक्टर धूत होतं. एकेक घर रेषेत घेत मी गावाच्या खालच्या अंगाला आले. तिथं ओढा होता, ओढ्यावर एक छोटा पूल, आणि पुलापलीकडं फोटो संपत होता. संपता संपता त्याच्या काठावर काही छपरं होती. अर्धीच. जणू कात्रीनं कापलेली.

मी माउस सोडून तिथंच बघत राहिले.

माझं माहेर केजजवळचं. आमची घरं गावाच्या टोकाला होती, बुद्धविहाराच्या अंगाला. नळ चावडीपर्यंत आला होता आणि तिथून पुढं आई डोक्यावर हंडा घेऊन यायची. मी सोबत कळशी घेऊन असायची. त्याबद्दल कुणी भांडलेलं मला आठवत नाही. नळ तिथवरच येतो, असंच सगळे बोलायचे, उन्हाळा आला असं म्हणावं तसं. त्यामुळे काठावरची अर्धी छपरं बघून तिथं कोण राहत असेल, याचा मला फार विचार करावा लागला नाही.

मी सरांना बोलावलं. "सर, ओढ्याच्या पलीकडं घरं आहेत."

त्यांनी कामाचे कागद काढले. "आपल्याला हद्द दिलीय ती ओढ्यापर्यंतचीच. जुन्या नकाशात गाव तिथंच संपतं. ड्रोनही तेवढ्यावरच उडवलं."

"हो. पण घरं आहेत."

सर कमी बोलतात. त्यांनी पडद्यावर ती छपरं मोठी करून बघितली, मग चष्मा काढून पुसला. "उद्या जाऊन बघू," म्हणाले. "मोठा प्रिंट काढून घ्या."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही तो प्रिंट अंथरला आणि वारा लागू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. बघता बघता माणसं जमली. आपलं गाव वरून कुणी बघितलेलं नव्हतं. पहिल्यांदा कुणालाच काही ओळखू येईना. मग कुणाला देऊळ दिसलं आणि देवळावरून जो तो आपापल्या घराकडं निघाला.

"हे बघ, माझा गोठा!"

"अन् ही गंजी कुणाची बे? निम्मी रस्त्यावर हाय!"

"तुझीच हाय. वरून दिसली म्हणून आता तरी काढ."

ज्याची कडब्याची गंजी होती तोही हसला. सरपंच ताई आल्या, हातातली पिशवी खाली ठेवून कागदाजवळ बसल्या. वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला मोकळ्या. मी त्यांना पाइपची रेघ कुठून कुठं जाणार ते दाखवत होते, तेवढ्यात एक मावशी व्हरांड्याच्या पायरीशी थांबल्या. डोक्यावर भरलेला हंडा होता. तो उतरवून कठड्यावर ठेवला आणि पदरानं मान पुसत कागदाकडं बघू लागल्या.

"आमचं घर कुटं हाय गं बाई?" त्यांनी मला विचारलं.

"कुठल्या बाजूला राहता मावशी?"

"वड्याच्या पल्याड."

मी त्यांना देऊळ दाखवलं, मग उतार, मग ओढा. पूल त्यांनी स्वतःच ओळखला. पुलावरून त्यांचं बोट पुढं सरकलं, कागदाच्या काठापर्यंत आलं आणि थांबलं नाही. कागद सोडून फरशीवर गेलं, वीतभर लांब जाऊन टेकलं.

"हितं असंल मग," मावशी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. खरोखरच त्या अंदाज बांधत होत्या.

व्हरांड्यातला गलका कमी झाला. सरपंच ताई फरशीवरच्या त्या बोटाकडं बघत होत्या. "जुन्या नकाशावरूनच हद्द दिली आमी," त्या हळूच म्हणाल्या. "पल्याड वस्ती हाय हे सगळ्यांनाच म्हाईत. नकाशा उघडून बघितलाच न्हाई कुणी." मग सरांकडं वळल्या. "सर, पुन्ना उडवता यील का तुमचं विमान?"

"येईल की," सर म्हणाले. "हद्द वाढवल्याचं पत्र तेवढं द्या."

"आत्ता देते." आणि त्यांनी शाळेतूनच कोरा कागद मागवला.

ड्रोन पुन्हा उडालं तेव्हा मी हट्टानं सोबत गेले. आम्ही ओढ्याच्या अलीकडं आणि पलीकडं जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं मोठाल्या फुल्या मारल्या. वरून त्या ठळक दिसतात. प्रत्येक फुलीचा मध्य सरांनी यंत्रानं मोजला. नव्या फोटोला जागेवर धरून ठेवायला हेच खुंट. ड्रोन वर गेलं तशी वस्तीतली कुत्री भुंकायला लागली आणि कोंबड्या घरांत पळाल्या. मावशी गच्चीवर कुरडया राखत बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.

"माजा फोटू निगंल का?" त्यांनी वरूनच ओरडून विचारलं.

"निघेल!" मी खालून ओरडले.

कार्यालयात येऊन नवा फोटो आत घेतला. या वेळी मीटरचा हिशोब आधीच जुळवला होता, त्यामुळे तो हरवला नाही. पण जुन्या आणि नव्या फोटोचा सांधा पुलावर येत होता आणि पूल मोडल्यासारखा दिसत होता, अलीकडचा भाग एका रेषेत, पलीकडचा हातभर बाजूला. जुन्या फोटोच्या काठाला मोजलेला बिंदूच नव्हता, म्हणून तो तिथं जरासा ओढला गेला होता. अलीकडच्या फुल्या जिथं मारल्या होत्या तिथले दगड आणि ओटे जुन्या फोटोतही ओळखू येत होते. त्यांच्या आधारानं मी तो काठ सरळ केला. परत आत घेतलं, तर पूल अखंड. त्याच्यापलीकडं अख्खी छपरं, एक निळा झेंडा, चिंचेचं झाड आणि एका गच्चीवर पांढऱ्या कुरडयांशेजारी उभी असलेली एक इवलीशी आकृती, कपाळावर हात धरून वर बघणारी.

घरं काढून झाली तेव्हा वस्ती थोडी चढावर असल्याचं उंचीच्या आकड्यांवरून लक्षात आलं. टाकीचं पाणी नुसत्या उतारानं तिथं नीट चढलं नसतं. सर दोन दिवस आकडेमोड करत बसले. टाकीची जागा डोंगराच्या अंगाला थोडी वर सरकवली, म्हणजे ओढा ओलांडूनही पाण्याला जोर राहील. नवी रेघ मी स्वतः काढली. मंजुरीला वेळ लागला. मध्ये दोनदा कागद परत आले आणि एकदा तर सगळं बारगळतंय असं वाटलं. सरपंच ताई मात्र बीडला आल्या की आमच्याकडं डोकावून जायच्या आणि आम्हा दोघांनाही धीर देऊन जायच्या.

चर खोदला, पाइप गेले. पाणी सोडायच्या दिवशी सर आणि मी दोघंही गेलो. पलीकडच्या पहिल्या नळाशी बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. आधी नुसती हवा आली, फुसफुस झाली, मग लालसर गढूळ पाणी, आणि मग स्वच्छ. मावशींनी ओंजळभर घेऊन तोंड धुतलं, डोळे मिटून, अगदी सावकाश. मला आईची आठवण झाली. तिला मी संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "धार मोठी हाय का पर?" मोठी आहे म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

मावशींनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं कालवण. "कावून एवढं थोडं खातीस?" म्हणून माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडली. सरांना केजला काम होतं, ते तिथूनच गेले. मी निघाले तर मावशींनी शेतातून उपटून आणलेला हरभऱ्याचा डहाळा माझ्या पिशवीत कोंबला.

नेकनूरपर्यंत काळी-पिवळी जीपमध्ये जागा मिळाली, खिडकीजवळची. शेजारी एक आजोबा होते, लिंबागणेशला लेकीकडं निघालेले. मी डहाळ्याचे घाटे सोलायला लागले आणि त्यांच्यापुढं हात केला. त्यांनी नको नको म्हणत मूठभर घेतले.

"लई कवळं हाय," ते म्हणाले.

नेकनूर येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून निम्मा डहाळा संपवला.