राहून गेलेला थेंब

कुसुम मॅडम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, त्या माझ्या बायकोच्या हातातला खराटा धरायलाच. जिंतूरला आमच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे. त्याच्या आतल्या भिंतीला पांढरा फेस चिकटला होता. बायकोला वाटलं, मीच दाढीचा साबण झटकला. ती घासणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "ताई, थांबा! घर हाय ते कुणाचं तरी."

मॅडम मूळच्या बोरीच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि झाडबेडकावर पीएच.डी. करत होत्या. साधा बेडूक पाण्यात अंडी घालतो. नराचे शुक्राणू पाणी लागताच जागे होतात आणि पोहत अंड्याकडे जातात. झाडबेडूक मात्र पाण्याच्या वर फेस घुसळून त्यात अंडी ठेवतो. मॅडमचं म्हणणं, "अंडी पाण्याबाहेर आली, मग शुक्राणूनं जुनीच पोहणी कशाला ठेवावी? त्येची चाल बदलली असणार." हे त्यांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं.

पावसाळ्यात पहाटे जोडी फेस घुसळत असतानाच त्या काडीने कणभर फेस उचलत. बेडकाला हात लावत नसत. सूक्ष्मदर्शक आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर. बाजार समितीत वजनं नोंदवण्याची माझी नोकरी, म्हणून वही माझ्याकडे. काचेच्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि सेकंद मोजायचे, हेही माझंच काम. तेवीस नमुने झाले. हालचाल शून्य. त्यांचे मार्गदर्शक सर म्हणाले, "मेलेले शुक्राणू मोजून पदवी मिळत नसते. प्रबंधातून हे प्रकरण काढून टाका."

मी म्हटलं, निदान शून्यं पेन्सिलीने लिहू. मॅडम कडाडल्या, "भाऊ, शून्य बी माप हाय. पेनानं लिवा. आन् पोहत न्हाईत म्हंजी मेलेत, हे कुणी सांगितलं?"

चोविसाव्या नमुन्याच्या वेळी बायकोने चहाला हाक मारली. मी कप घेऊन आलो तर मॅडम भिंगाला डोळा लावून ओरडत होत्या, "फिरायलेत! भाऊ, स्क्रूवानी फिरायलेत! पाणी किती टाकलं?"

"टाकायचं राहिलं," मी ओशाळून म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. "बेडकानं पाणी कवाच सोडलं, आन् आपण शिकलेली माणसं त्याला बुडवायलोत!"

पुढे बिनपाण्याचे अकरा नमुने पाहिले. नऊ हलले. उरलेली दोन शून्यं त्यांनी पेनानेच लिहायला लावली.

सर म्हणाले, "वही कुणीही लिहील. बाहेरच्या परीक्षकांनी स्वतः पाहिलं, तरच प्रकरण राहील."

परीक्षक आले त्या पहाटे हौद रिकामा. मॅडम बॅटरी घेऊन हौदाभोवती फेऱ्या मारू लागल्या. सर घड्याळ बघू लागले. तेवढ्यात बायको मागून ओरडली, "अहो, न्हाणीच्या टाकीवर बसलेत की! घुसळायलेत!"

फेस काचेवर आला. सरांनी सवयीने पाण्याचा ड्रॉपर उचलला. बायकोने सरळ त्यांचा हात धरला. "सर, थेंब न्हाई टाकायचा."

परीक्षकांनी चार मिनिटं मान वर केली नाही. मी मोजली. मग सरांना म्हणाले, "या, बघा तुमची मेलेली मंडळी." सर वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

डॉक्टर झालेल्या मॅडम आता पाथरीच्या कॉलेजात आहेत. जाताना वही माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "पुढचं माप तुमी घ्या." आता बायकोच पाहुण्यांना बजावते, "हौदाकडं जपून. घरं हायत ती."

यंदा फेसाची घरं सात. नोंद पेनाने केली आहे.