चार हात, वर एक बोट

मयतीच्या घरी रडारडच चालते, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी तिरडी बांधली नसणार. लेक नाशिकहून निघालेली असते, जावई परभणीला एसटी चुकवून बसलेला असतो, आणि तोवर बाहेर कडुलिंबाखाली बसलेल्यांनी करायचं काय? सुतळी वळायची, बिड्या ओढायच्या आणि मागच्या मयतीच्या गोष्टी सांगायच्या. सतरा वर्षं मी त्या कडुलिंबाखाली बसलो. गोष्टी साचणारच!

आमच्या टोळीत तिघं मुरलेले होते आणि चौथा मी. टोळीचे म्होरके किसनआबा, साखरा गावचे शेतकरी. गावात कोणीही जावो, तिरडी आबांनीच बांधायची. दुसरा हरी राठोड. तो तांड्यावरचा, ताडमाड उंच, त्याच्या आज्याच्या वेळी घरात माल वाहणारे लदणीचे शंभर बैल होते म्हणे. तिसरे शंकरमामा शिंपी, पांढरं कापड त्यांच्याकडचं. मी गुरांच्या दवाखान्यात साधा ड्रेसर, पण गाव मला ‘डॉक्टर’च म्हणायचं.

*

एक्क्याण्णव साली बदली होऊन मी साखऱ्याला उतरलो. बॅग घेऊन समोरच्या हॉटेलात शिरलो, तर बाकड्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. मग स्वतःशीच मान हलवून म्हणाला, “चार हात, वर एक बोट.”

मला वाटलं, शिंपी असतील. आल्या आल्या गिऱ्हाईक हेरायला बसले! मी हसून म्हणालो, “सध्या कपडे शिवायचे नाहीत, बाबा.”

हॉटेलवाला चहा गाळता गाळता म्हणाला, “ते कपड्याचं माप न्हाई सायेब. ते आबा हायेत. तिरडी बांधतेत.”

तो चहा मी तसाच टेबलावर सोडून निघालो. पुढं कळलं की आबा सगळ्यांचंच माप नजरेनं घेतात, मुद्दाम नाही, सवयच. गावातले निम्मे लोक त्यांच्याशी बसूनच बोलायचे!

*

महिनाभरानं आबा स्वतः दवाखान्यात आले. “डॉक्टर, हरीच्या बराबरीचा माणूस गेला. आता हरी एका बाजूनं उंच, दुसऱ्या बाजूनं कोणीच पुरत न्हाई. मुर्दा कलंडून राहिला. मागच्या खेपेला हरी मसणवट्यापर्यंत गुडघे वाकवून चालला, चार दिवस तेल लावून पडला होता. तुमी या.”

आता सांगायला हरकत नाही. मी मरणाला भयंकर भीत होतो. आमचं जवळा बाजारला किराण्याचं दुकान. वडील एक्कावन्नाव्या वर्षी, भर बाजाराच्या दिवशी, गल्ल्यावर बसल्या बसल्या गेले. मी वीस वर्षांचा, थोरला मुलगा. तिरडी दारातून निघाली तेव्हा मी आतल्या खोलीत पोत्यांच्या मागं तोंड लपवून बसलो होतो. मडकं काकांनी धरलं. तेव्हापासून समोरून मयत आली की मी गल्ली बदलायचो, आणि सकाळी उठल्याबरोबर पहिल्यांदा स्वतःची नाडी बघायचो. एक्कावन्नावं वर्ष आपलंही शेवटचं, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

हे मी तोवर कोणालाच बोललो नव्हतो, पण आबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता सोडतील.

आबा म्हणाले, “भेव वाटते ना? मंग तर याच. ज्याला भेव न्हाई तो भराभरा चालते आन ठेचाळते. भेणारा माणूस पाय जपून टाकते.”

मग काय, गेलो.

*

पहिल्या वेळेला मागचा उजवा खांदा हरीचा आणि डावा माझा. बांबू खांद्यावर टेकला आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. पावलं तेवढी मोजत होतो. एकदा पाय खड्ड्यात गेला, दुसऱ्यांदा समोरच्या माणसाच्या टाचेवर पडला.

हरी शेजारून हळूच म्हणाला, “डॉक्टर, डोळे उघडा. एकानं मिटलेत तेवढे बस्स हायेत!”

मी हसलो. खांद्यावर तिरडी घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा, हसलो! त्या दिवशी विसाव्यापासून पुढं मी रस्ता बघत चाललो.

*

शंकरमामांची तऱ्हा वेगळी. त्यांनी साठीतच स्वतःच्या कफनाचं कापड आणून ट्रंकेत ठेवलं होतं. चांगलं झुळझुळीत, हिंगोलीहून निवडून आणलेलं. “पोरांना ऐन वक्ताला तकलीफ नको.”

पण मयत काय हिंगोलीच्या कापड दुकानांच्या वेळा बघून होते? कोणी पहाटे जायचं, कोणी बंदच्या दिवशी. मामा गुपचूप ट्रंक उघडायचे आणि स्वतःचं कापड द्यायचे. मग पुन्हा हिंगोलीला जाऊन नवीन आणायचे. ते आठवडाभर टिकायचं, की गेलं आणखी कोणी!

एकदा त्यांना न्यूमोनिया झाला. आम्ही तोंडं पाडून उशाशी बसलो होतो. मामा धापा टाकत म्हणाले, “काहून रडून राहिले? परवाच ट्रंक रिकामी झाली. आता कापड आणल्याबिगर मला जाता येते का?”

बरे झाले. गेले ते थेट हिंगोलीलाच, कापड आणायला!

*

गिरजामाय म्हणजे आबांची बायको. गावातल्या बायाबापड्यांना शेवटची आंघोळ तीच घालायची. एका उन्हाळ्यात तिला असा ताप चढला की तीन दिवस शुद्ध नाही. तिला खाटेवरून खाली काढलं, तोंडात गंगाजळ घातलं, लेकींना निरोप गेले.

आबा अंगणात आले आणि बांबू तोडायला बसले. हरी म्हणाला, “आबा, थांबा की थोडं. अजून श्वास हाय.”

आबांनी वर पाहिलंच नाही. म्हणाले, “हाताला दुसरं काय येते रे माह्या?”

आम्ही तिघं बघत राहिलो आणि त्या माणसानं बायको जिवंत असताना तिची तिरडी बांधून भिंतीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजामाय उठून बसली. चहा मागितला! लेकीचा हात धरून उंबऱ्यापर्यंत आली, तर समोर ही तिरडी. म्हातारीनं जवळ जाऊन सुतळीची एक गाठ ओढून पाहिली. गाठ सुटली.

“ढिल्ली हाय,” ती म्हणाली. “बेचाळीस वर्षं तुमचा सैपाक केला. साऱ्या गावाच्या गाठी पक्क्या, आन माह्या वक्ताला ही असली?”

आबा खाली बघून म्हणाले, “हात कापत होते गं.”

गिरजामायनं ती तिरडी सोडवली, बांबू परसात उभे केले आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवला. दोडके असे लागले की घरात मावेनात! म्हातारी टोपल्या भरभरून वाटायला निघाली, पण गावात एक जण घेईल तर शपथ. एकटा हरी तांड्यावर नेऊन खायचा आणि वर सांगायचा, “असे गोड दोडके जिंदगीत खाल्ले न्हाई!” त्यानंतर गिरजामाय अकरा वर्षं जगली. दर पावसाळ्यात त्याच बांबूंवर वेल असायचा.

*

मधे चार वर्षं माझी कनेरगाव नाक्याला ट्रान्सफर झाली. वाटलं, सुटलो. कसला सुटतो! दवाखान्याशेजारच्या एसटीडी बूथवर साखऱ्याहून फोन यायचा आणि बूथवाला ढाब्यावर शोधत येऊन ओरडायचा, “डॉक्टर, हरीभाऊ बोलावून राहिले!” मी अर्धा दिवस रजा टाकून दोन एसट्या बदलून जायचो, आणि तोवर आबा कोणाचंही न ऐकता मयत थांबवून ठेवायचे.

एकदा मी घाईघाईनं अंगणात शिरलो, तर एवढा वेळ ज्याच्यासाठी थांबले तो कोणी मोठा नातलगच असणार, असं समजून दोन बाया माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मीही रडलो, करणार काय! शेवटी वाशिमहून आलेल्या एका पाहुण्यानं हरीला विचारलं, “हे मयताचे कोण?”

हरी गंभीरपणे म्हणाला, “ते? ते मागचा डावा खांदा.”

चार वर्षांनी मीच अर्ज करून साखऱ्याला परत आलो.

*

आबा ऐंशीला टेकले. बोटांत कंप आला, गाठी मी मारायला लागलो. बैल आडवा पाडताना दोर बांधायची सवय होतीच. आबा नुसतं बसून सांगायचे आणि चुकलो की काठीनं टोचायचे.

त्यांचा आणखी एक छंद होता. दर पाडव्याला ते दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहायचे आणि गिरजामाय डोक्यावर हात ठेवून कुंकवाची रेघ ओढायची. त्याच चौकटीवर नातवाच्या रेघा. नातवाच्या वर चढत चाललेल्या, आबांच्या खाली उतरत चाललेल्या! एका पाडव्याला त्यांनी मला खास बोलावून दाखवलं.

“पाहा डॉक्टर, यंदा मी आन नातू भेटलो. एकाच रेघेवर!”

मी म्हणालो, “आबा, दरसाल आपण कमी होतोय हे बघून भीती नाही वाटत?”

“काहून वाटंल? खाली येणं समद्यांना भेटते का? आमच्या बराबरीचे किती तरी उंचच्या उंच गेले.”

*

मला एक्कावन्नावं लागलं आणि मी पार ढेपाळलो. हिंगोलीला जाऊन दोनदा ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. वडिलांनाही कधी काही झालं नव्हतं! सकाळची नाडी आता दुपारी आणि संध्याकाळीही बघायला लागलो. सगळ्यात वाईट म्हणजे मी खांदा द्यायचं सोडलं. त्या वर्षी तीन मयती झाल्या आणि तिन्ही वेळा मी कारण काढलं. एकदा मीटिंग, एकदा लसीकरण, एकदा पाय मुरगळला. हरी साठीचा, पुन्हा गुडघे वाकवून चालला. मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. त्याचीच जास्त लाज वाटायची.

वर्ष संपलं. ज्या दिवशी मला बावन्नावं लागलं, त्या सकाळी दवाखान्याच्या दारात काठीचा आवाज आला. आबा! गिरजामाय गेल्यापासून ते घराबाहेर पडत नव्हते. हरीनं दंडाला धरून आणलं होतं. मागं शंकरमामा.

“भिंतीला उभे राहा,” आबा म्हणाले.

मी उभा राहिलो. आबांनी काठी हरीकडं दिली, वाकले, आणि माझ्या टाचेपासून हातानं मोजत वर आले. एक हात, दोन, तीन. चौथ्याला त्यांचा हात पुरेना, तर हरीनं कमरेला धरून त्यांना थोडं उचललं. हात माझ्या डोक्यावर आला. इतकी वर्षं नजरेनं माप घेणाऱ्या माणसानं पहिल्यांदा कोणाला हात लावून मोजलं होतं.

“चार हाताला एक बोट कमी,” आबा म्हणाले. “आले होते तव्हा वर एक बोट होते. दोन बोटं खाली आले, डॉक्टर! म्हातारे व्हायला लागले. तुमच्या बापाला हे जमलं न्हाई.”

मी तिथंच भिंतीला टेकून पोरासारखा रडलो. आबा शेजारी उभे होते आणि माझ्या डोक्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

ते गेल्यावर मी दवाखान्यातला गुरं मोजायचा टेप काढला आणि भिंतीला पाठ लावून माझी उंची घेतली. नोकरीला लागलो तेव्हा मेडिकलच्या कागदावर होती तेवढीच, सहा फूट. एक सूतही कमी नाही.

टेप गुंडाळून ठेवला. घरी जाऊन माझ्या चारही पॅंट घेतल्या आणि थेट शंकरमामांच्या दुकानात गेलो.

म्हणालो, “मामा, दोन-दोन बोटं कमी करा.”