सहा स्टार्ट आणि संपत हवालदाराचा हात

पाचव्या वेळी इंजिनानं नुसतं "खर्र" केलं आणि मान टाकली. प्रेशर गेजचा काटा दहावर. इंजिन फिरवण्याइतकी हवा बॉटलमध्ये उरली नव्हती.

"चार," शुभांगीनं वहीत लिहिलं. ती आमची क्वालिटी इन्स्पेक्टर. सलग तिसऱ्या दिवशी ती "चार" लिहीत होती, आणि तो आकडा ती अशा तोंडानं लिहायची की जणू मीच तिच्या घरचं दूध नासवलंय.

"काका, उद्या अकराला जहाजाचं इंजिन पास करणारा सर्व्हेयर येणार," आमचे मालक प्रमोददादा मला म्हणाले. "सहा झाले नाहीत तर मरीनचं काम बंद. परत उसाच्या ट्रॉलीचे हूक करत बसू."

आता हे सहा म्हणजे काय ते सांगतो. जहाजावर वीज तयार करणारं जे इंजिन असतं, ते बॅटरीवर सुरू करायचं तर बॅटरी आमच्या ऑफिसएवढी लागेल. म्हणून ते हवेवर सुरू करतात. माणसाच्या उंचीची एक जाड लोखंडी टाकी, तिला आम्ही बॉटल म्हणतो. तिच्यात तीस बारनं हवा ठासून भरायची. तीस बार म्हणजे तुमच्या गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तेरा-चौदा पट. व्हॉल्व उघडला की ही हवा इंजिनाच्या सिलिंडरमध्ये घुसते, पिस्टन ढकलते, इंजिन फिरायला लागतं. वेग आला की डिझेल पेटतं आणि हवा बंद करायची. नियम असा, की बॉटल एकदा भरल्यावर परत न भरता इंजिन सहा वेळा सुरू झालं पाहिजे. समुद्रात मधेच बंद पडलं तर तिथं धक्का मारायला कोण येणार?

ही सगळी सिस्टिम मी डिझाइन केली होती. मी मूळ साताऱ्याचा, नोकरी सांगलीच्या एमआयडीसीत, आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो की सहा काय, आठ स्टार्ट देतो, वर उरलेल्या हवेत सायकलींचे टायर भरून देतो. कँटीनमध्ये बोललेलं सांगलीत कुणी विसरत नाही.

तीन दिवस गळती शोधली. प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा दिसतो का बघितलं. इतका साबण लागला की त्या आठवड्यात निम्म्या एमआयडीसीला आंघोळीला साबण मिळाला नसेल. बुडबुडा एक नाही. गेज बदललं. पाइपाचे बेंड मोजले. हिशोब सात वेळा केला. सातही वेळा कागदावर आठ स्टार्ट येत होते आणि शेडमध्ये चार.

"मोठी बॉटल घालू या का?" दादा म्हणाले.

"मोठ्या बॉटलला इंजिनरूममध्ये जागा नाही. घालायचीच तर कॅप्टनला बाहेर झोपावं लागेल."

दुपारी आमचा फिटर संपत हवालदार माझ्याकडे आला. नाव हवालदार नव्हे, हुद्दा. लष्करातून रिटायर होऊन गावाकडचा ऊस सांभाळत आमच्याकडे नोकरी करणारा. टेस्टिंगला व्हॉल्व नेहमी तोच उघडायचा, कारण शेडमधला सगळ्यात भरवशाचा हात त्याचा.

"आवं सायेब, घरनं फोन आलाय. शेतावरची मोटर ट्रिप झाली. या आठवड्यात लाईट दिवसाची हाय. दोन तासांत जाऊन येतो."

"जा बाबा. इथं तरी काय दिवे लागलेत?"

तो गेला. कॉम्प्रेसरनं बॉटल भरली. मी वैतागलेलो होतो. व्हॉल्वचं चक्र दोन्ही हातांनी धरलं आणि पोरं भोवरा फिरवतात तसं गरकन फिरवलं. इंजिन असं दणक्यात सुरू झालं की कवठे महांकाळच्या म्हशी त्या दिवशी नक्की दुधाला आटल्या असणार.

शुभांगी गेजकडे बघत राहिली. "काका, परत करा."

परत केलं. परत दणका.

"दोन्ही वेळा तीन-तीनच बार गेले," ती म्हणाली.

"बघ! डिझाइनरचा हात लागला की मशीनपण घाबरतं."

तिनं वही माझ्या नाकासमोर धरली. "हवालदारकाका उघडतात तेव्हा दर वेळी पाच जातात. ते चक्र सात सेकंद फिरवतात. मी मोजलंय. तुम्ही दोन सेकंदांत फिरवलंत."

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, तरी बसलो.

हळू उघडलं की हवा रमतगमत आत जाते. इंजिन आळसावून फिरतं. तेवढ्यानं सिलिंडर तापत नाही, डिझेल पेटत नाही, आणि हवा मात्र वाहून जाते. आणि आमच्याकडं अख्खा जिल्हा व्हॉल्व हळूच उघडतो. नदीवरून माळावर पाणी चढवणाऱ्या पाइपलाइनचा व्हॉल्व एकदम उघडला तर पाइप फुटतो. साखर कारखान्यात वाफेचा व्हॉल्व एकदम उघडला तर त्याहून वाईट. इथं पोरगं चालायला लागलं की त्याला हे पहिलं शिकवतात. त्यात मी ड्रॉइंगवर नुसतं "स्टार्टिंग व्हॉल्व" लिहिलं होतं. कसला, ते लिहिलं नव्हतं. मग स्टोअरमध्ये कारखान्याच्या कामातला चक्राचा व्हॉल्व पडून होता, तोच लागला. चूक शंभर टक्के माझी. दादांना सांगताना मी ती साठ टक्के सांगितली.

शिफ्ट संपायच्या आत चक्र काढून दांड्याचा व्हॉल्व बसवला. दांडा पाव फेरा ओढला की पूर्ण उघडा. तोवर हवालदार शेतावरून आला. त्याला ओढायला दिला, तर त्यानं तो दांडाही झोपलेल्या बाळावरची चादर काढावी तसा काढला. चार बार गेले.

दादांनी मला बाजूला घेतलं. "काका, उद्या तुम्हीच ओढा. हवालदारांना काहीतरी कामाला पाठवतो."

हवालदारानं ऐकलं. "का? माझ्या हाताला काय रोग झालाय व्हय?"

मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण जहाजावर दांडा मी ओढणार नाही. तिथं कुणीतरी संपत हवालदारच असणार. त्याला जमलं नाही तर माझं डिझाइन कागदावरच बरं.

"हवालदार, लडाखला गाडी गारठली की कशी सुरू करायचा?"

"धक्का मारून. आठ जण लागायचो."

"हळूहळू ढकलायचा?"

"न्हाई वो! हळू ढकलून कवा गाडी सुरू हुती का? एकदम जोर लावायचा, आन्..." तो थांबला. दांड्याकडं बघितलं. "तसं व्हय?"

"तसंच. हे पाणी नाही. हे ते आठ जण आहेत."

"आवं मग आदी सांगायचं न्हाई! तीन दिवस नुसता साबण लावत बसलाय!"

मग बॉटल बंद ठेवून त्यानं पन्नासेक वेळा दांडा ओढला. शेवटी शुभांगी मला म्हणाली, "काका, पुरे, नाहीतर दांडा घरी घेऊन जातील."

सकाळी सर्व्हेयर आला. मुंबईचा, बारीक, न हसणारा. बॉटलची तपासणी केली, काटा तीसवर बघितला. "चलिए."

पहिला स्टार्ट झकास. दुसऱ्याला हवालदाराचा हात मधेच अडखळला. जन्माची सवय एका रात्रीत जाते का? चार बार गेले. दादांनी डोळे मिटले. मी हवालदाराच्या मागं जाऊन हळूच म्हणालो, "लडाख."

तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकाला अडीच. सहावा पेटला तेव्हा काटा साडेतेरावर होता आणि माझा शर्ट पाठीला चिकटलेला.

"और एक?" सर्व्हेयर म्हणाला.

नियमात सातवा नव्हता. नाही म्हणायची सोय होती. पण हवालदारानं माझ्याकडं बघितलंच नाही, दांडा ओढला. इंजिन पेटलं. शुभांगीनं वहीत "सात" लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

सर्व्हेयरनं सही केली, शिक्का मारला. दादा शेडच्या मागं जाऊन बराच वेळ कुणाला न दिसता उभे राहिले. मी कँटीनमध्ये गेलो आणि सलग तीन चहा प्यायलो. आठवा स्टार्ट कुणी मागितला नाही, ही देवाची कृपा. काटा अकरावर आला होता, तो झाला नसता.

तेव्हापासून ड्रॉइंगवर व्हॉल्व काढला की मी खाली लिहितो, तो कसला आणि किती सेकंदांत उघडायचा. माणूस कसा आहे ते लिहायला ड्रॉइंगवर जागा नसते. ते शेडमध्ये जाऊन विचारावं लागतं, आणि हिशोब सात वेळा करण्याआधी विचारलं तर साबण वाचतो.