उरलेली बाटली ओतून द्या

परंड्याच्या मंडळींनो, हे पत्र तालमीत मोठ्यानं वाचा. लई दमलोय, पण आजच्या आज लिहिलं पाहिजे.

इथं हैदराबादेत माझ्या खोलीत मुरुम गावचे शिवप्पाकाका राहतात. काल त्यांच्या पोटात कळा येत होत्या. गिरणीत खाडा नको, म्हणून म्या माझ्या उरलेल्या औषधाचा एक डोस त्यांना दिला. कळा थांबवायचं औषध, डाक्तरनं मला दिलेलं. कळ थांबली. मला वाटलं, आपणच डाक्तर झालो.

आज सकाळपासून काकांची लघवी बंद. ओटीपोट दगडासारखं. टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. नळी घालून लघवी काढली तेव्हा म्हातारा माणूस रडला.

म्या दिलेल्या औषधाची बाटली बघून डाक्तरनं काकांना विचारलं, "लघवीचा त्रास आधीपासून होता?"

"व्हय. दोन वर्षं. थेंब थेंब."

"मग ह्याला सांगितलं का न्हाय?"

"पोराला असलं काय सांगायचं?"

डाक्तर माझ्याकडं वळले. "हे औषध आतडं सैल करतं, तशी मूत्राशयाची ताकदही घालवतं. तू विचारलंस?"

म्या विचारलंच नव्हतं.

आता काकांना बरं वाटतंय. पण दिवाळीला आलो तेव्हा तसलीच अर्धी बाटली म्या घरच्या कोनाड्यात ठेवलीय. आमचे आबाही लघवीला लई वेळ बसतात. पत्र मिळताच ती ओतून द्या.

आबा मला सांगणार न्हाईत. तुमच्यापैकी कोण विचारेल त्यांना?